पट्टी लावलेलं पातेलं

माझ्या सासऱ्यांच्या पोटात अन्न जात नव्हतं आणि त्याला कारण मी होते, हे कळायला मला दीड महिना लागला. कळलं तेही एका टाको कॅसरोलमुळे. टाको हा पदार्थ मेक्सिकोचा, कॅसरोल अमेरिकेतलं, माझे सासरे लासुर्ण्याचे आणि आमचा फ्लॅट बारामतीच्या जळोचीत. आमच्याकडे तोवर कॅसरोल म्हणजे चपात्या गरम ठेवायचा डबा.

मी इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रोज सकाळी बारामतीहून एसटीने जाते, संध्याकाळी एसटीनेच येते. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला असतात. मुलगी नववीत. शेती लासुर्ण्याला, ती धाकटे दीर आणि जाऊबाई बघतात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. सासऱ्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. दसऱ्याच्या सुमारास आबांना उसाच्या फडातच छातीत दुखायला लागलं. बारामतीत दवाखान्यात ठेवलं, हृदयाच्या शिरेत नळी टाकली आणि आठ दिवसांनी ते आमच्याकडे आले.

डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. मीठ आणि तेल अगदी कमी, आणि वजन उतरता कामा नये. "बावन्न किलो आहेत. पन्नासच्या खाली गेले तर परत ॲडमिट करावं लागेल. आणि वजन स्थिर झाल्याशिवाय गावाला सोडणार नाही."

आबांनी तिथंच विचारलं, "ऊस तुटायच्या आत जाता येईल का?"

"खाल्लंत तर येईल," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे सगळं खाण्यावर आलं, आणि खाणं माझ्यावर. मी अशा कामांना घाबरत नाही. उलट मला ती आवडतात. एक लिटरचं स्टीलचं पातेलं वेगळं काढलं, त्याला वेगळी पळी, वेगळं झाकण. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला लेबलाशिवाय चैन पडत नाही, म्हणून झाकणावर पांढरी पट्टी चिकटवली आणि मार्करने लिहिलं, 'आबा. मीठ नाही.' जाऊबाईंना फोन करून सांगितलं, आबा तिकडे आले की असंच करायचं, वेगळं पातेलं ठेवायचं. त्या बिचाऱ्या "व्हय, व्हय" म्हणत लिहून घेत होत्या.

सकाळी साडेपाचला उठून मी आधी आबांचं पातेलं करायचे. दुधी, दोडका, मुगाची डाळ, कधी पडवळ. मग आमची भाजी, डबे, पळापळ. डॉक्टरांनी संध्याकाळी लवकर जेवायला सांगितलं होतं. त्यामुळे साडेसहाला आबा एकटेच पातेलं गरम करून वाढून घ्यायचे. मी घरी पोचायचे सातला. बघावं तर पातेल्यात अर्ध्याहून जास्त शिल्लक.

"आबा, हे काय?"

"पोट भरलं गं."

"दोन घासात?"

"चांगलं झालंय. पर भरलं पोट."

पहिले काही दिवस मी समजुतीने बोलले. मग माझा आवाज चढायला लागला. मला राग लवकर येतो आणि तो माझ्या तोंडावर दिसतो, हे मला माहीत आहे. "मी पहाटे उठून एवढं करतेय, तुम्ही जरा खायचं तरी मनावर घ्या," असं मी त्यांना दोन-तीनदा तरी म्हणाले. ते मान हलवायचे, ताट उचलून मोरीत ठेवायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. एकदा ते फिरायला गेलेले असताना मी त्यांची पिशवीसुद्धा तपासली. बाहेरून फरसाण आणून खातात की काय! पिशवीत टॉवेल, चष्म्याचं घर आणि दवाखान्याचे कागद होते. वजन बावन्नचं एक्कावन्न झालं, मग साडेपन्नास.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमची एसटी लासुर्ण्यावरूनच जाते. आबांचा ऊस रस्त्याकडेलाच आहे, स्टॉप सोडला की दोन मिनिटांवर. सुरुवातीला मी घरात पाऊल टाकलं की आबांचा पहिला प्रश्न असायचा, "आज काय दिसलं?" मग मी सांगायचे, तुरा आलाय, बांधाकडेला थोडा पडलाय, शेजारच्यांचा तुटायला लागला. त्यासाठी मी येता-जाता बसमध्ये त्या बाजूची खिडकी धरून बसायचे. महिनाभराने कधीतरी त्यांनी विचारायचं सोडलं. मला ते जाणवलं, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं. दमून आल्यावर उसाचा अहवाल कोण देत बसणार. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

टाकोचं खूळ मुलीचं. मैत्रिणींबरोबर बारामतीत कुठल्याशा कॅफेत तिने तो, मक्याच्या दुमडलेल्या रोटीत राजमा-भाजी भरलेला, खाल्ला आणि मग मोबाइलवर कुणी बाई काचेच्या भांड्यात टाकोच्या चवीचं काहीतरी थर लावून भाजते, म्हणजेच कॅसरोल करते, ते मला दाखवत सुटली. त्या बाईने वर चीज असं ओतलं होतं की ते बघूनच मला आबांच्या डॉक्टरांची आठवण झाली. मी म्हटलं, आपल्या घरात हे होणार नाही. आमचा ओव्हन तसाही तीन वर्षं परातींचं कपाट म्हणून वापरात होता.

मग तो मंगळवार आला. कारखाने सुरू झाले होते. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, त्यात एक ट्रॉली निमगावच्या पुढे आडवी झाली. मी घरी पोचले साडेसातला. सकाळी गॅस सिलिंडर बदलण्यात वेळ गेला होता, त्यामुळे आबांचं पातेलंही झालेलं नव्हतं. मिस्टर सेकंड शिफ्टला. आबा उपाशी, मुलगी उपाशी, आणि घरात काय, तर सकाळी उसळीसाठी भिजत घातलेला वाघ्या घेवडा. दुकानात राजमा म्हणून मिळतो, त्याचाच हा आपल्याकडचा बारका, पट्ट्यापट्ट्यांचा भाऊ. शिवाय चार शिळ्या भाकरी, दोन ढोबळ्या मिरच्या, टोमॅटो आणि मक्याचं एक कणीस.

"आई, हे टाकोचंच सामान आहे!" मुलगी म्हणाली.

वाद घालायला माझ्यात जीव नव्हता. घेवडा कुकरला लावला. एक चमचा तेलात कांदा, लसूण, मिरची परतली, टोमॅटो आणि मक्याचे दाणे घातले. जिरे-धणे भाजून कुटले, लाल तिखट घातलं. पिझ्झाबरोबर येतात त्या ओरेगॅनोच्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठल्या होत्या, त्यातल्या दोन घातल्या. त्यात मीठ असतं हे पुडीवर बारीक अक्षरांत छापलंय, ते मी नंतर वाचलं. दोन-दोन वेगळं करायला वेळ नव्हता, म्हणून मी वरून मीठ घातलंच नाही. लग्नात आहेर आलेलं, कधीच न वापरलेलं काचेचं भांडं काढलं. खाली भाकरीचे तुकडे, वर घेवडा, परत भाकरी, परत घेवडा. सगळ्यात वर दोन चमचे घट्ट दही पसरलं आणि चीजचा एकच क्यूब किसून भुरभुरला. ओव्हनमधल्या पराती बाहेर काढल्या आणि भांडं वीस मिनिटं आत ठेवलं.

ते तसंच उचलून टेबलाच्या मधोमध ठेवलं. आबा येऊन बसले. भांड्याकडे बघितलं, मग ओट्याकडे बघितलं.

"ह्यातलं माझं कुठलं?"

"सगळ्यांचं एकच आहे आबा, घ्या," मी घाईतच म्हणाले. लिंबू चिरत होते.

आबांनी खाल्लं. मग परत घेतलं. तिसऱ्यांदा भांड्याच्या कडेचं खरपूस झालेलं चमच्याने खरवडून घेतलं. मुलीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी मनात म्हटलं, सापडलं! म्हाताऱ्याला मसाला हवा होता, आणि मी दीड महिना दुधी खायला घालतेय.

म्हणून बुधवारी मी पहाटे उठून त्यांच्या पातेल्यात तोच घेवडा, तोच मसाला, तसेच भाकरीचे तुकडे घालून ठेवले. आमच्यासाठी मीठ-तेलाची वेगळी भाजी केली. संध्याकाळी येऊन झाकण उघडलं. दोन घास गेले होते.

मला भयंकर राग आला. झाकण परत ठेवून चहा केला. चहा पिताना मात्र डोकं चालायला लागलं. घेवडा तोच, तिखट तेच, मीठ कालच्याइतकंच, माणूसही तोच. वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलेय की दोन प्रयोगांचं उत्तर वेगळं आलं तर त्यांत काय वेगळं होतं ते शोधा. वेगळं होतं ते फक्त पातेलं.

गुरुवारी मी मुद्दाम खातरजमा केली. त्या पातेल्यातच घेवडा शिजवला, पण आबांना म्हटलं, आज थांबा, आपण बरोबर जेवू. सात वाजता पातेल्यातलं सगळं काचेच्या भांड्यात ओतलं, ओव्हनलाही न लावता मधोमध ठेवलं, आणि मुलीला व मला त्यातलंच वाढून घेतलं. आबांनी दोनदा घेतलं.

जेवण झाल्यावर मुलगी अभ्यासाला गेली. आबा गॅलरीत बडीशेप चघळत बसले होते. मी समोर स्टूल ओढलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "आबा, त्या पातेल्यात काय वाईट आहे?"

"पातेल्यात काय न्हाय."

"मग खात का नाही त्यातलं?"

खाली कुणाची तरी म्हैस दावणीला ओढत होती, आबा तिकडे बघत बसले. मी उठत नाही असं दिसल्यावर बोलले.

"माझा बाप खोकायचा. दादा म्हनायचो आमी त्येला. डागदर म्हनला, ह्येची भांडी येगळी ठेवा. ठेवली. मीच बाजारातनं पातेलं आनलं. ओसरीच्या कोपऱ्यात त्याची जागा केली. तुझी सासू दोन्ही टायमाला गरम वाढायची, कशाला कमी न्हाय केलं. पर त्येनं खानंच सोडलं. मी वराडायचो त्येच्यावर. दादा, खा की, एवढं करतूय आमी तुमच्यासाठी. त्यो म्हनायचा, पोट भरलंय."

ही दोन्ही वाक्यं आमच्याच घरात, जेवायच्या टेबलावर, गेला दीड महिना रोज बोलली जात होती.

"दोन म्हैन्यात गेला. खोकल्यानं न्हाय गेला. खायाचाच न्हाय तर ऱ्हाईल कशानं?" आबा म्हणाले. "मला वाटलं, आता माझी बी पाळी आली. तशीच रीत हाय म्हनलं."

"आबा, मी काळजीनं केलं हो."

"मला ठावं हाय की. मी बी काळजीनंच केलं हुतं. तुला काळजी दिसती, मला पातेलं दिसतं."

मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि माझा स्वभाव असा की लाजेच्या पाठोपाठ रागच येतो. मी म्हटलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत? तोंड होतं ना?"

"तू तरी कुठं बोललीस?" आबा शांतपणे म्हणाले. "पट्टी लावलीस."

त्याच दिवशी मी ती पट्टी काढायला घेतली. पट्टी निघाली, डिंकाचा डाग काही निघाला नाही. खोबरेल लावलं, स्पिरिट लावलं, घासणीने घासलं, पण चौकोन तसाच राहिला. त्या पातेल्यात आता सगळ्यांचा घेवडा भिजतो.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच स्वयंपाक सुरू झाला, आबांना चालेल तोच. मिस्टरांनी पहिला आठवडा आजारी असल्यासारखं तोंड करून काढला. कुणाला मीठ हवं असेल तर त्याने स्वयंपाकघरात उभं राहून आपापल्या ताटात घ्यायचं, टेबलावर मीठ आणायचं नाही, असा नियम केला. उठायचा कंटाळा माणसाला मिठापेक्षा मोठा असतो, हे मला त्यातून कळलं. लोणच्याची बरणी मी माळ्यावर टाकली. मिस्टरांनी ती शोधली, मी पुन्हा जागा बदलली, हे अजून चालू आहे.

टाकोचं भांडं मात्र ठरून गेलं. मंगळवार आणि शुक्रवार, कारण त्या दिवशी माझे जास्त तास असतात आणि हे काम अर्ध्या तासात हातावेगळं होतं. हळूहळू ते आणखी हलकं झालं. पुड्या बंद केल्या. गॅलरीत कुंडीत पानओवा होता, त्याची पानं सावलीत वाळवून चुरली, वास थेट तसाच येतो. मीठ नाही ही उणीव लिंबू, भाजलेले जिरे आणि वरून घातलेला कच्चा कांदा भरून काढतात. ज्वारीच्या भाकरीत आम्ही मीठ घालतच नाही, ते इथे कामी आलं. दही रात्रभर फडक्यात टांगून घेतलं की चीजची गरज निम्मी होते. एका शुक्रवारी चिकनचा खिमा घालून बघितला. मिस्टर खूश झाले, आबा म्हणाले घेवडाच बरा. भाकरीचे तुकडे करायचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं. मुलगी त्यांना सांगायची, आबा, एवढे बारीक नका करू, थर दिसला पाहिजे. आबा म्हणायचे, "थर बघायचाय का खायाचाय?" आणि बारीकच करायचे.

असाच एक मंगळवार होता. मी दार उघडून चपला काढत होते. आबा भाकरी कुस्करत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "आज काय दिसलं?"

मी दारातच उभी राहिले. त्या दिवशी मी बसमध्ये खिडकी धरलीच नव्हती, पलीकडच्या सीटवर पेपर तपासत बसले होते. मी खोटं सांगितलं नाही. "आज बघायचं राहिलं आबा. उद्या बघते," म्हटलं. दुसऱ्या दिवशी बघितलं आणि पानं किती वाळलीत ते अगदी नीट सांगितलं.

वजन एक्कावन्न झालं, मग बावन्न, मग साडेबावन्न. डॉक्टरांनी विचारलं, काय खायला घालता? मी म्हटलं, टाको. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. जानेवारीत त्यांनी गावाला जायची परवानगी दिली. ऊस अजून उभा होता.

आबांना सोडायच्या आधी मी जाऊबाईंना पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, "पातेलं आनलंय बघा नवं. तुमी सांगितलं हुतं तसं."

"ते परत करा," मी म्हटलं, आणि का ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमी बी सगळे कमी मिठाचं खाऊ. त्यात काय एवढं."

आबांच्या उसाची तोड आली तो शुक्रवार होता. कॉलेजातून येताना मी लासुर्ण्यालाच उतरले. पिशवीत भिजवलेला घेवडा, चक्का, पानओव्याचा चुरा होता. फडाचा पुढचा भाग मोकळा झाला होता, मागे टोळीची माणसं मोळ्या बांधत होती. आबा बांधावर टॉवेल डोक्याला गुंडाळून उभे होते. मला बघून हात वर केला आणि पुन्हा उसाकडे वळले.

जाऊबाईंकडे ओव्हन नाही. त्यांनी मोठ्या कढईत जाड मिठाचा थर घातला, त्यावर जाळी ठेवली, जाळीवर पसरट डबा आणि वर ताट झाकलं. "केक असाच करते मी," म्हणाल्या. "मीठ एवढं लागतंय, पर सगळं खालीच!" आम्ही दोघी हसलो.

दिवेलागणीला सगळे जेवायला बसलो. डबा मधोमध ठेवला, बाजूला भाकरी आणि लिंबू. मी आबांचं ताट पुढे घेतलं, तर ते म्हणाले, "थांब."

त्यांनी भाकरीचा एक तुकडा घेतला, डब्यातला एक चमचा त्यावर घातला आणि उठले. बाहेर ओसरीवर गेले. दादांची जागा होती त्या कोपऱ्यात आता खताची पोती आणि मोटारीचा जुना स्टार्टर पडलेला असतो. त्यांनी एक पोतं बाजूला सरकवलं, जमीन हाताने पुसली आणि तो तुकडा खाली ठेवला.

"दादा," ते म्हणाले, "सगळ्यांच्यातलंच हाय. खा."

ते थोडा वेळ तिथं उभे राहिले. मग आत येऊन माझ्या शेजारी बसले आणि ताट पुढे केलं. मी वाढलं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.